पाच किलो नऊशे

त्या घरात स्वतःची बॅग स्वतः भरायची नाही, असा नियम होता. नवऱ्याची बॅग बायकोने भरायची आणि बायकोची नवऱ्याने. भरून झाली की ती स्प्रिंगच्या काट्याला टांगायची, सहा किलोच्या वर गेली तर काहीतरी काढायचं, आणि मग चेनच्या कडीतून तार ओवून तिला शिशाचं सील ठोकायचं. ते सील मुक्कामी पोचल्यावर, सगळ्यांच्या देखत तोडायचं. असा नियम आणखी कुठल्या घरात असेल असं वाटत नाही. पण घरोघरी मातीच्या चुली असतात. बाहेरच्याला वेडेपणा वाटावा आणि आतल्यांच्या अंगवळणी पडलेला असावा, असा काहीतरी प्रकार प्रत्येक घरात असतोच.

नियम अर्थातच नवऱ्याचा. त्यांचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. भाजीवाल्यांचे, भंगारवाल्यांचे, गोदामातले, दवाखान्यातले, सगळे काटे त्यांच्याकडे यायचे. ते काटा उघडायचे, गंज घासायचे, स्प्रिंग बदलायचे, लोखंडी वजनं टांगून तपासायचे आणि मागाहून कुणी हात लावू नये म्हणून पकडीने शिशाचं सील दाबून द्यायचे. लोक त्यांना काटेवाले म्हणत. "माणूस खोटं बोलतो, काटा बोलत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. दिवसातून दोनदा तरी ते ऐकायला मिळायचंच.

लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासाला बायकोने चौदा किलोची बॅग भरली. "नाकापेक्षा मोती जड!" म्हणत काटेवाल्यांनी ती तिथेच रिकामी केली आणि स्वतः भरायला बसले. सील ठोकलं. नणंदेच्या घरी पोचल्यावर बॅग उघडली, तर आत दोन चपला होत्या आणि दोन्ही डाव्या पायाच्या. नणंद हसली, दीर हसला, सासू तर पोट धरून हसली. नवी सून रडली तर रडूबाई ठरते, रागावली तर तोरा आहे म्हणतात, हसली तर सुटते. तीही हसली, तोंडावर हात ठेवून. त्या चार दिवसांत ती दोन डाव्या चपला घालून फिरली, आणि सगळ्यांनी ठरवून टाकलं की सून मोठी गोड आहे.

त्याला आता चौतीस वर्षं झाली. दर प्रवासाला बॅगेत एक गंमत. भर उन्हाळ्यात नुसते लोकरीचे कपडे. भावाच्या लग्नाला गेली तेव्हा चांगला पोशाख गायब आणि त्या जागी घर पुसायचा झगा, नीट इस्त्री केलेला. एकदा तर बॅगभर वर्तमानपत्रं आणि मधोमध एक टूथब्रश. नातेवाईक वाट बघायचे. पाहुणे आले की चहाच्या आधी बॅग. उघडताना ती जरा थांबायची, मग आतलं बघायची, मग हात तोंडावर आणि हसू. तिचं ते हसू हाही कार्यक्रमाचा एक भाग होऊन बसला होता. काटेवाल्यांनी तिच्यावर कधी हात उगारला नाही, कधी दारूला शिवले नाहीत, चारचौघांत तिला कधी टाकून बोलले नाहीत. "मोकळ्या मनाचा माणूस, नशीब काढलंस हो!" असं बायका तिला म्हणायच्या. आणि खरं सांगायचं तर तिलाही तसंच वाटायचं. बॅग घेऊन घरातून निघाली की मुक्कामापर्यंत तिच्या पोटात गोळा असायचा, पण गोळ्याचं काय, त्याचीही सवय होते.

ती स्वतः हॉस्पिटलमध्ये कपड्यांच्या खोलीत कामाला होती. चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे धुऊन आले की मोजायचे, घड्या घालायच्या, वॉर्डाप्रमाणे गठ्ठे लावायचे. तिची घडी अशी की कडेवर कड, आणि शेवटी हाताच्या पंज्याने एक दाब. हजार घड्यांतून तिची घडी कुणीही ओळखावी. म्हणून तिथे तिला घडीबाई म्हणत.

त्यांना एकच मुलगी. बापाने लाडाने तिचं नाव ठेवलं होतं ठकी. ती बारा वर्षांची असताना शाळेचं शिबिर होतं, आठ दिवसांचं. नियमाप्रमाणे बॅग भरली काटेवाल्यांनी. शिबिराच्या लांबलचक खोलीत, चाळीस मुलींच्या घोळक्यात ठकीने सील तोडलं. आत एक गुलाबी झबलं, एक लाळेरं आणि दुधाची बाटली. बाकी काही नाही. ठकीने आठ दिवस अंगावरच्या एका कपड्यावर काढले, आणि पुढे शाळा संपेपर्यंत तिला कुणी नावाने हाक मारली नाही. सगळे तिला बाटली म्हणत. मास्तरसुद्धा एकदा चुकून म्हणाले.

त्या दिवसापासून मुलगी जी मिटली ती मिटलीच. शिकली, नोकरी धरली, पाच तासांवरच्या शहरात राहायला गेली. तिथेच लग्न केलं, कुणाला बोलावलं नाही. सात वर्षांत फक्त एक पत्र आलं, दोन ओळींचं: मुलगी झाली, आम्ही बरे आहोत. घडीबाईला या सगळ्याचं कारण पक्कं ठाऊक होतं. ह्यांनी तसं करायला नको होतं, असं ती मनात शंभरदा म्हणायची. ठकी शिबिराहून परतली, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिने रडत रडत सगळं सांगितलं, ह्यांना हसू आवरेना, हे तिला जसंच्या तसं आठवायचं. त्या वेळी आपण काय करत होतो हे मात्र आठवायचं नाही. आपल्या वाटणीचा डाग धुऊन काढायची कला प्रत्येकालाच उपजत असते, आणि ही तर धुण्याच्याच खात्यात होती.

आणि एका सकाळी कपड्यांच्या खोलीतला फोन वाजला. एरवी त्यावर वॉर्डातून चादरींचीच मागणी यायची.

"आई, मी बोलतेय."

घडीबाईच्या हातात अभ्रा होता. तो हातातच राहिला.

"ठकी?"

"ठकी म्हणू नकोस. ऐक. छोटी तीन वर्षांची होईल आता. सारखी आजीचं विचारते, शेजारच्या मुलीला आजी आहे म्हणून. तुला यायचं असेल तर ये."

"येते. उद्या येते. म्हणजे रजा मागते आणि येते."

"एकटी ये."

"एकटी? अगं, त्यांना सोडून कशी येऊ? काय सांगू त्यांना?"

मग ठकी म्हणाली, "बरं, आण. पण एक अट आहे. तुझी बॅग तू भरायची. सील नाही, गंमत नाही. मी दारातच उघडायला सांगणार. बाबांनी घातलेली एक जरी वस्तू निघाली तरी दार लावून घेईन. माझ्या मुलीसमोर मला तो तमाशा नकोय."

"नाही गं निघणार. शपथ."

"हे मी परत सांगायची नाही, आई."

तिने फोन ठेवला. खोलीच्या दुसऱ्या टोकाला फाटक्या चादरी शिवणारी शिवणबाई मशीन थांबवून बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं, आणि ऐकलं नाही असं दाखवायची तिला सवय नव्हती.

"घरी अट सांगू नकोस," शिवणबाई म्हणाली. "गुपचूप भर आणि नीघ."

"खोटं कसं बोलू त्यांच्याशी?"

"खोटं कुठे? गप्प बसायचं. तेवढं तरी येतं ना? आणि आणखी एक सांगते, राग आला तर येऊ दे. त्याच्या दर वेडेपणाला तू हसतेस ना, ते आधी बंद कर. तुमचा खेळ होतो पण आमचा जीव जातो, ही गोष्ट सगळेच शाळेत शिकतात. पण तुमच्या घरात बेडूकच टाळ्या वाजवतोय."

घडीबाईला राग आला नाही. ती हसली, तोंडावर हात ठेवून. शिवणबाईने कपाळावर हात मारला आणि मशीन सुरू केलं.

घरी जाऊन घडीबाईने नवऱ्याला सगळं सांगितलं, अटीसकट. चौतीस वर्षांत त्यांच्यापासून लपवायला तिच्याकडे काही नव्हतंच, त्यामुळे लपवतात कसं हे तिला येत नव्हतं. काटेवाले एका उघडलेल्या काट्याच्या पोटात स्क्रू ड्रायव्हर घालून बसले होते. त्यांनी तो खाली ठेवला.

"दारातच उघडायला लावणार?"

"हो."

"आणि माझी वस्तू निघाली तर दार बंद?"

"तसं म्हणाली खरी."

काटेवाल्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. तिला वाटलं, पाणी आलं. मग ते उठले, खुंटीवरचा स्प्रिंगचा काटा काढून त्यांनी तिच्या हातात दिला. "भर बाई. तुझी तूच भर. मी हात लावत नाही."

इतक्या सहज? तिला भडभडून आलं. माणूस बदलतो, नातवंड आलं की बदलतो, असं तिने स्वतःलाच दोन-तीनदा सांगितलं.

रविवारी सकाळी ती कपाट उघडून उभी राहिली, आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला बॅग भरता येत नाही. दुसऱ्यांच्या कपड्यांत तिचा हात कधी अडला नव्हता. कुठल्या वॉर्डाला किती चादरी लागतील हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. नवऱ्याची बॅग तर ती गप्पा मारता मारता भरायची: रक्तदाबाच्या गोळ्या सकाळच्या वेगळ्या, संध्याकाळच्या वेगळ्या, जादा चष्मा, दाढीचं सामान, पाठीला शेकायची रबरी पिशवी. चौतीस वर्षांत त्यातलं काही कधी विसरलं नव्हतं आणि त्यात कधी काही गंमतही नव्हती. पण तिला स्वतःला चार दिवस काय लागतं? साबण कुठला आवडतो? झोपताना पायांत मोजे लागतात की नाही? तिने पलंगावर बसून खरोखर विचार केला. लागतात. हे तिला इतक्या वर्षांनी कळलं, कारण बॅगेत ते कधी निघाले नव्हते.

मग मात्र तिला चढलं. मोजे घातले, दोन जोड. तीन पोशाख घातले, चौथाही घातला. छत्री घातली. विणकामाच्या सुया, लोकरीचा गुंडा. ठकीच्या घरी असेल नसेल म्हणून एक टॉवेल, मग दुसरा. बॅग काट्याला टांगली तर नऊ किलो दोनशे. ती एकटीच हसली, आणि या वेळी हात तोंडाकडे गेला नाही.

काढायचं काय, यात दुपार गेली. एक गोष्ट पक्की होती, तीन स्वेटर. नात झाल्याचं पत्र आलं तेव्हापासून ती दर वर्षी एक विणत होती. पोरीचं माप ठाऊक नव्हतं, म्हणून कपड्यांच्या खोलीत मुलांच्या वॉर्डाचे झगे यायचे त्यांवरून अंदाजाने: एक वर्षाचा पिवळा, दोन वर्षांचा हिरवा, तिसरा लाल. पहिले दोन आता होणार नाहीत हे तिला कळत होतं. तरी तिन्ही ठेवले. पिवळा बाहेर काढायचा म्हटलं की ते एक वर्ष बाहेर काढल्यासारखं वाटायचं. छत्री गेली, टॉवेल गेले, चौथा पोशाख गेला, तिसराही गेला. सुया गेल्या. मग तिने कपाटाच्या तळातून एक लहानसा अभ्रा काढला, निळ्या फुलांचा. ठकी लहानपणी त्या फुलांवर बोट घासत झोपायची. विरलेल्या जागी घडीबाईने हॉस्पिटलातल्या फाटक्या चादरी शिवतात तशा टाक्यांनी तो सांधला होता. तो अभ्रा स्वेटरांच्या मध्ये घातला, चुरगळू नये म्हणून. सगळ्यात वर शाल. कडेवर कड आणि पंज्याचा दाब.

पाच किलो नऊशे.

"शंभर ग्रॅम शिल्लक आहेत," काटेवाले दारातून म्हणाले. "घाल की अजून काहीतरी."

"नको. येताना छोटीने काही दिलं तर? चित्र वगैरे काढून देतात पोरं."

"बरोबर आहे," काटेवाले म्हणाले. त्यांनी पाच किलो नऊशे हा आकडा पाहून ठेवला.

निघायच्या सकाळी एक घोटाळा झाला. तिच्या कोटाच्या खिशात कपड्यांच्या खोलीची किल्ली राहिली होती. ती दिली नसती तर अख्ख्या हॉस्पिटलाला चादरी मिळाल्या नसत्या. "जाऊन ये, बस आठची आहे," काटेवाले म्हणाले. ती धावत गेली आणि अर्ध्या तासात धापा टाकत परत आली. बॅग होती तिथेच होती, खुर्चीवर. काटेवाले कोट घालून तयार होते. त्यांच्या हातात त्यांची बॅग, जी तिने भरली होती.

ती बॅगेकडे बघत उभी राहिली.

"काय बघतेस? उघडून बघायचीय?" काटेवाल्यांचा आवाज दुखावलेला होता. "चौतीस वर्षांनी माझी झडती?"

"तसं नाही हो."

"माझ्यावर नसेल विश्वास. काट्यावर तरी आहे ना? टांग."

तिने बॅग काट्याला टांगली. काटा थोडा हलला आणि थांबला. पाच किलो नऊशे, ना एक ग्रॅम कमी ना एक जास्त. तिला स्वतःचीच लाज वाटली. तरी तिने चेन चार बोटं उघडली. आत शाल होती, तिच्याच हातची घडी, कडेवर कड. तिने चेन लावली आणि नवऱ्याच्या दंडाला हात लावला. "चला. उशीर होतोय."

काटा खोटं बोलला नव्हता. पण ज्या माणसाने उभा जन्म लोखंडाचे तुकडे टांगून काटे नेमके आकड्यावर आणले, त्याला एका बॅगेतलं सामान काढून तेवढ्याच वजनाचं दुसरं भरायला अर्धा तास म्हणजे चैन होती. हे तिला सुचायला हवं होतं. सुचलं नाही, कारण तिला जायचं होतं.

पाच तासांच्या प्रवासात ती पहिल्यांदाच पोटात गोळा नसलेली बाई होती. तिने खिडकीबाहेर पाहिलं, शेजारणीशी गप्पा मारल्या. बॅग मांडीवर घेऊन बसली होती. "खाली ठेवा की, जड असेल," शेजारीण म्हणाली. "नाही हो, मी भरलीय," ती म्हणाली. शेजारणीला त्याचा अर्थ लागला नाही.

ठकीचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार निळं. घंटा वाजवायच्या आधी घडीबाईने कोट खाली ओढून नीट केला, केस सारखे केले. दार उघडलं. ठकी जाड झाली होती, डोळ्यांखाली सावल्या होत्या, पण ठकीच होती. तिच्या पायांना बिलगून एक पोरगी उभी होती, एक डोळा बाहेर, एक डोळा आईच्या झग्याआड. अंदाज चुकला नव्हता. लाल स्वेटर बरोब्बर झाला असता.

"आलात," ठकी म्हणाली. तिचा एक हात दारावरच होता. घडीबाईला वाटलं आत्ताच तिला जवळ घ्यावं, पण ठकीने बॅगेकडे बोट केलं. "आधी ते, आई."

"हो, हो. हे बघ." तिला घाईच झाली होती. ती उंबऱ्याबाहेर गुडघ्यांवर बसली. "मी भरलीय सगळी. माझी मी." नातीकडे बघून म्हणाली, "तुझ्यासाठी काय आणलंय बघ हं." तिने चेन शेवटपर्यंत ओढली आणि शाल उचलली.

शालीखाली एक गुलाबी झबलं होतं. त्यावर लाळेरं. त्याच्या शेजारी दुधाची बाटली, बूच पिवळं पडून कडक झालेलं. आणि खाली, काटेवाल्यांच्या जुन्या मोज्यांत बांधलेली लोखंडी वजनं, दोन किलोची दोन, आणि वर काही लहान.

मग तिच्या मागून काटेवाल्यांचं हसू फुटलं, तीन दिवस दाबून ठेवलेलं. "जपून ठेवलं होतं की नाही? सतरा वर्षं! आता नातीला होईल, काय? अगं, तोंड काय पाडतेस, तुझं सामान माझ्या बॅगेत आहे सगळं. माझ्या गोळ्यासुद्धा घरी ठेवून आलोय, एवढ्या गमतीसाठी!"

आणि घडीबाई हसली.

तिला हसायचं नव्हतं. पण बॅग उघडली होती, आतलं दिसलं होतं, ते मागे हसत होते, आणि अशा वेळी चौतीस वर्षं तिचा हात जिथे गेला तिथेच गेला. हाताखालून हसू आलं, नेहमीचं, गोड. जित्याची खोड असते ती अशी, जीव जात असतानाही बाहेर पडते.

ठकी बापाकडे बघत नव्हती. ती आईकडे बघत होती.

"बाबांचं मला काही वाटत नाही," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "ते तसेच आहेत. मी दार तुझ्यासाठी उघडलं होतं. शिबिरातून आले, तुला सगळं सांगितलं, तेव्हाही तू अशीच हसली होतीस. तोंडावर हात ठेवून. मला वाटलं होतं, आता तरी नाही हसणार."

आणि मग घडीबाईला ते आठवलं. स्वयंपाकघराचं दार, रडून सुजलेली बारा वर्षांची पोरगी, आणि आपला ओला हात, साबणाचा, आपल्या तोंडावर.

"ठकी, अगं, मी नाही, ते आपोआप..."

तेवढ्यात खुदकन आवाज आला. छोटी हसली होती. आजी हसते आहे, आजोबा हसताहेत, म्हणजे इथे काहीतरी मजा असणार, एवढंच तिला कळलं होतं. आजीकडे बघून तिने आपला इवलासा हात उचलला आणि तोंडावर ठेवला.

ठकीने खाली वाकून तो हात तोंडावरून काढला, घट्ट धरून. मग दार लावलं. ते आपटलं नाही. आतून कडी घातल्याचा आवाज मात्र नीट ऐकू आला.

काटेवाल्यांनी घंटा वाजवली. पुन्हा वाजवली. "ए ठकी! गंमत होती गं!" आतून पोरीचं रडणं ऐकू आलं, मग तेही लांबच्या खोलीत गेलं. घडीबाई बॅगेपुढे गुडघ्यांवर तशीच होती. शेवटी तिने नवऱ्याची बॅग ओढली, उघडली. तिन्ही स्वेटर चुरगळून कोंबले होते. तिने ते मांडीवर घेतले, एकेकाची घडी घातली, मध्ये निळ्या फुलांचा अभ्रा, वर पंज्याचा दाब, आणि सगळं दारापुढच्या पायपुसण्यावर ठेवलं.

काटेवाल्यांनी ते उचललं. "इथे कशाला? कुणीतरी उचलून नेईल. बोलावेल ती परत, राग उतरला की. तोवर पोर वाढणार, हे होणारही नाहीत. तू मोठा वीण एखादा."

त्यांनी स्वेटर आपल्या बॅगेत घातले आणि ते जिना उतरायला लागले. वजनांची बॅग तिने उचलली. दुसरं कोण उचलणार?

परतीच्या बसमध्ये काटेवाले पहिला तासभर खिडकीबाहेर बघत होते. दोनदा त्यांनी गोळीसाठी खिसा चाचपला. "चुकलं का गं माझं?" असं त्यांनी एकदा विचारलं, पण उत्तरासाठी थांबले नाहीत. मग समोरच्या बाकावर एक गप्पिष्ट माणूस येऊन बसला. कुठून आलात, कुठे निघालात, बॅगेत एवढं जड काय? काटेवाल्यांचा चेहरा उजळला. त्यांनी सुरुवातीपासून सांगायला घेतलं, दोन डाव्या चपलांपासून. गोष्ट त्यांना छान सांगता यायची. शिबिर झालं, बाटली झाली, काट्यावरचे पाच किलो नऊशे झाले. तो माणूस मांडीवर थाप मारून हसत होता.

"आणि दारात उघडली बॅग, तर काय!" काटेवाले म्हणाले, आणि दार बंद झाल्याचं न सांगता तिथेच थांबले.

"कमाल आहे तुमची!" डोळे पुसत तो माणूस घडीबाईकडे वळला. "आणि तुम्ही काय केलंत हो, वहिनी?"

दोघंही तिच्याकडे बघत होते. तिचा हात उठला आणि तोंडावर गेला. या वेळी हाताखाली हसू नव्हतं. पण तिचं हसू कधीच कुणाला दिसायचं नाही, फक्त हात दिसायचा. तो माणूस समाधानाने मागे टेकून बसला.

"हसली की," काटेवाले म्हणाले. "ती हसतेच."